फायटर घ्यावा की विझार्ड? दोन्ही खेळून झाल्यावर

नव्या कॅम्पेनची, म्हणजे महिनोन्महिने चालणाऱ्या लांब कथेची, तारीख ठरली की आमच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास विचारतं, "फायटर घेऊ की विझार्ड?" विचारणारा दरवेळी नवा, उत्तरं देणारे तेच. मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत दोन्ही पात्रं खेळलोय; फायटर म्हणजे शस्त्राने लढणारा योद्धा, विझार्ड म्हणजे जादूगार. विझार्ड सुमारे दोन वर्षं, दहाव्या लेव्हलपर्यंत. फायटर त्यानंतर, आणि तो अजून जिवंत आहे. हिट डाय, शस्त्रं, चिलखतं हे सगळं पुस्तकात आहेच, ते इथे उगाळत नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. निव्वळ ताकदीचा हिशेब मांडला तर विझार्ड वरचढ आहे. फायटर सरळ रेषेत वाढतो आणि विझार्ड वर्गाच्या पटीत, ही खेळणाऱ्यांमधली जुनी म्हण काही उगाच पडलेली नाही. पण हा वरचढपणा लोक समजतात तिथे नसतो. पाचव्या लेव्हलला फायटरला दोन वार मिळतात आणि विझार्डला फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा स्पेल (मंत्र), त्यावरून नवे खेळाडू फार हळहळतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मारामारीत फायटर आपला हिशेब चुकता करतो. अकराव्या लेव्हलला तीन वार, वर ॲक्शन सर्ज, म्हणजे जादा कृतीची मुभा, वापरला तर एकाच टर्नमध्ये (पाळीत) सहा.

दुखतं ते मारामारीच्या बाहेर. एकदा आम्हाला एका किल्ल्यात रात्री शिरायचं होतं. आमच्या फायटरने तासभर बसून योजना आखली. पहारा कधी बदलतो, दोर कुठे टाकायचा, कोण आधी चढणार, सगळं कागदावर काढलं. बिचाऱ्याचं बोलून संपलं आणि मी म्हणालो, "मी फ्लाय टाकतो." उडायचा स्पेल. तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायचा दिवसाचा एक वाटा, गेला (स्पेलच्या लेव्हल वेगळ्या मोजतात) आणि कागद बाजूला पडला. पुढचा महिनाभर तो मला 'हेलिकॉप्टर' म्हणून हाक मारायचा. लेव्हल वाढत जाईल तशी ही दरी रुंद होते. सतराव्या लेव्हलला विझार्डच्या हातात विश येतो, म्हणजे जवळपास मागाल ते. त्याच लेव्हलला फायटरला मिळतो आणखी एक ॲक्शन सर्ज.

हे भांडण खेळाइतकंच जुनं आहे. १९७४च्या पहिल्या खोक्यापासून सौदा साधारण असा होता की जादूगाराने सुरुवातीला जीव मुठीत धरून जगायचं आणि टिकला तर पुढे राज्य करायचं. नंतरच्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला चार बाजूंच्या एका फाशाएवढा जीव आणि दिवसाला एक स्पेल मिळायचा. मंत्र म्हणताना कोणी मारलं तर तोही वाया. उलट फायटरला नवव्या लेव्हलला स्वतःचा गड आणि सैन्य मिळायचं. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने जादूगाराच्या बऱ्याच बेड्या काढल्या, फायटरचा गडही गेला, आणि तराजू पार कलंडला. २००८च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांना एकाच साच्यात बसवून तो सरळ केला, तर लोक म्हणाले की आता सगळेच सारखे वाटतात. लोकांचं काही सांगू नये! २०१४ला पाचवी आली आणि तिने कॉन्सन्ट्रेशनचा लगाम घातला, मोठे टिकाऊ स्पेल एका वेळी एकच. माझ्या मते या आवृत्तीतला हा सगळ्यात शहाणा नियम.

तरीही समतोल पूर्ण साधत नाही, आणि याचं कारण नियमांपेक्षा आपल्या घड्याळात आहे असं मला वाटतं. २०१४चं डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, पुस्तक धरून चालतं की खेळातल्या एका दिवसात सहा ते आठ चकमकी होतील. तेवढ्या झाल्या तर विझार्डचे स्लॉट संपतात आणि फायटर, ज्याचा ॲक्शन सर्ज तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत येतो, हळूहळू पुढे सरकतो. पण आम्ही बसतो शनिवारी संध्याकाळी तीन-साडेतीन तास. त्यातला पहिला अर्धा तास चहा आणि 'मागच्या वेळी काय झालं होतं रे?' यात जातो. एक मारामारी दीड तास खाते. दिवसाला दोन चकमकी झाल्या तरी डोक्यावरून पाणी. मग विझार्डने हात राखून का खेळावं? तो पहिल्याच खोलीत सगळी दिवाळी करतो आणि सगळे झोपायला जातात. तुमचा डीएम लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, स्लॉट तेव्हा परत येतात) सहजासहजी देणारा असेल तर हे लक्षात ठेवा.

एवढं सगळं विझार्डच्या बाजूने असूनही मी तो का सोडला, ते सांगतो. कारण तसं क्षुल्लक आहे, कदाचित तुम्हाला पटणारही नाही.

नववी लेव्हल होती. पांढऱ्या ड्रॅगनच्या गुहेत आम्ही पाच जण. नवव्या लेव्हलला विझार्डकडे पाचव्या लेव्हलचा एकच स्लॉट असतो, तो मी दोन सेशन जपून ठेवला होता. होल्ड मॉन्स्टर. ड्रॅगन जागच्या जागी गोठला असता तर जवळून बसणारा प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे जास्तीचा घाव. माझी टर्न यायला वीस मिनिटं लागली. मी स्पेलचं नाव घेतलं, टेबल गप्प झालं, डीएमने स्क्रीनमागे ड्रॅगनचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकला आणि म्हणाला, "चार आलेत. फेल." आम्ही ओरडलो. तो म्हणाला, "थांबा, लेजेंडरी रेझिस्टन्स वापरतो." म्हणजे मोठ्या राक्षसांना दिवसातून तीनदा असलेली मुभा, नापास झालो तरी पास धरा. झालं. स्लॉट गेला, टर्न गेली, आणि या सगळ्यात मी एकदाही फासा हातात घेतला नव्हता.

माझ्यानंतर फायटरची टर्न. ॲक्शन सर्ज धरून चार वार. पहिला चुकला, दुसरा बसला, तिसऱ्याला १७ आले तेव्हा दोघं खुर्चीवरून उठले, चौथ्याला १ आला आणि सगळे हसले. दोनच वार बसले, ड्रॅगनला फार काही झालं नाही. पण ती त्याची टर्न होती.

त्या रात्रीपासून मला ते खुपायला लागलं. विझार्डचे बरेचसे मोठे स्पेल सेव्हवर चालतात आणि सेव्ह टाकतो समोरचा. आपण नुसतं पाहायचं. आलं तर डीएमचा फासा वाईट, गेलं तर डीएमचा फासा चांगला. पुढे पुढे मी दुसऱ्या लेव्हलचा स्कॉर्चिंग रेच जास्त मारायला लागलो. तीन किरण, तीन फासे, आपल्या हाताने टाकायचे. काही महिन्यांनी ध्यानात आलं की मी झगा घालून फायटरच खेळतोय, फक्त महागात.

जाणकार विझार्ड यावर हसतील, आणि त्यांचं चूक नाही. त्यांचं म्हणणं, सेव्ह लागतच नाही असे स्पेल घ्यायचे. वॉल ऑफ फोर्सला सेव्ह नाही, ड्रॅगनला भिंतीपलीकडे टाकून आरामात विचार करता येतो. फायरबॉल सेव्ह झाला तरी अर्धा लागतो. पक्का विझार्ड शत्रूला कमी आणि जागेला जास्त हात लावतो. मला ते जमलं नाही, हा दोष काही अंशी माझाच. ज्याला रात्री झोपताना स्पेलच्या याद्या वाचायला आवडतं त्याने विझार्डच घ्यावा, मजा येते.

फायटरची पीडा वेगळी. दरबाराचं सेशन असेल तर दोन तास तुम्ही वेफर्स खाता. २०२४च्या सुधारित पुस्तकाने इथे थोडा हात दिलाय. टॅक्टिकल माइंड या गुणामुळे चुकलेल्या ॲबिलिटी चेकला (पटवणं, चढणं असल्या कामाच्या फाशाला) सेकंड विंड, म्हणजे फायटरची दम परत मिळवायची मुभा, वापरून दहा बाजूंचा एक फासा जोडता येतो, आणि तरीही जमलं नाही तर तो सेकंड विंड खर्चही होत नाही. माझ्या फायटरने त्यावर एकदा चक्क एका सावकाराला पटवलंय. शिवाय शस्त्रांची मास्टरी, म्हणजे शस्त्राची खास करामत, आली आहे. माझ्याकडे ग्रेटस्वोर्ड आहे, त्याला ग्रेझ लागू होतं. वार चुकला तरी समोरच्याला खरचटतंच. होल्ड मॉन्स्टर आठवला की हे वाचायला फार बरं वाटतं.

मधला मार्ग हवा असेल तर तिसऱ्या लेव्हलला एल्ड्रिच नाइट घेता येतो, तलवार हातात आणि थोडे स्पेल खिशात. मी टाळला, कारण पुन्हा याद्या आल्या. पण पहिल्यांदाच खेळणाऱ्याला वाईट नाही.

ठरवण्याआधी डीएमला दोन प्रश्न विचारून घ्या. कॅम्पेन कितव्या लेव्हलपर्यंत जाणार, आणि दिवसाला चकमकी किती? बाराव्या-तेराव्याच्या पुढे जाणार असेल आणि चकमकी एक-दोनच असतील, तर विझार्ड नाकारणं अवघड आहे, मी तरी आग्रह करणार नाही. आमची कॅम्पेनं मात्र दहाव्याच्या आसपास कोणाची तरी बदली किंवा लग्न होऊन संपतात, आणि तिथपर्यंत फायटर कोणापुढे मान खाली घालत नाही. पुढच्या शनिवारी नवं सुरू होतंय. विझार्ड घेणाऱ्या मुलाला माझी जुनी स्पेलची वही दिलीय, होल्ड मॉन्स्टरच्या पानाचा कोपरा दुमडून.