डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ की दोन्ही एकत्र?

राउटरची सुरक्षा सेटिंग बदलली आणि तेव्हापासून लॅपटॉप वाय-फायला जोडलाच जात नाही? राउटर रीसेट करायच्या आधी लॅपटॉपवर ते नेटवर्क 'फर्गेट' करा आणि पासवर्ड नव्याने टाका. जुन्या सेटिंगसकट सेव्ह झालेलं प्रोफाइल आडवं येतं. माझे एकदा यातच दोन तास गेले. पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता!

तरीही अडलं, तर राउटरवर कोणता मोड, म्हणजे वाय-फायच्या सुरक्षेची कोणती पद्धत ठेवायची हे ठरवावं लागतं: डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ की दोन्ही एकत्र.

डब्ल्यूपीए२ आला २००४ मध्ये, त्यामुळे त्याला बहुतेक सगळी उपकरणं जोडली जातात. मात्र त्यात माहिती सांकेतिक करायच्या पद्धतींपैकी 'एईएस'च निवडा. 'टीकेआयपी' ही जुनी पद्धत कमकुवत आहे, शिवाय वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. डब्ल्यूपीए२ची खरी गोची वेगळीच. लॅपटॉप जोडला जाताना राउटरशी जी देवाणघेवाण होते, ती रेंजमधला कुणीही टिपून घेऊ शकतो आणि नंतर निवांत, हव्या तितक्या वेळा पासवर्डचे अंदाज लावत बसू शकतो. नाव आणि पुढे १२३ असला पासवर्ड यात लगेच जातो. एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा सहसा टिकतो.

२०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही पळवाट बंद झाली. प्रत्येक अंदाजासाठी राउटरलाच विचारावं लागतं. पण लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) त्या तयारीचे हवेत, आणि विंडोज असेल तर किमान १० ची १९०३ ही आवृत्ती. आधी ड्रायव्हर अपडेट करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

मिश्र मोड, म्हणजे दोन्ही एकत्र, ऐकायला सगळ्यात सोयीचा वाटतो. पण पासवर्ड दोन्हींना एकच! जुना प्रिंटर डब्ल्यूपीए२ ने जोडला जाताना टिपलं, की अंदाज लावायला पुन्हा रान मोकळं. म्हणून पासवर्डपुरता मी हा मोड डब्ल्यूपीए२ मध्येच धरतो. त्यात काही जुनी कार्डं या मोडमध्ये गोंधळतात ते वेगळंच.

लॅपटॉप आणि फोन नवे असतील तर मी मुख्य नेटवर्क निव्वळ डब्ल्यूपीए३ वर ठेवेन आणि जुनी उपकरणं वेगळ्या पासवर्डच्या गेस्ट नेटवर्कवर टाकेन. गेस्टवरचा प्रिंटर मुख्य नेटवर्कवरून सहसा दिसत नाही, तेव्हा छपाईपुरती केबल लावायची. ही कटकट नको असेल किंवा राउटरमध्ये तशी सोय नसेल, तर डब्ल्यूपीए२-एईएस, लांबलचक पासवर्ड आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद.