एकाच मशीनमध्ये सगळ्या ईएसडी टेस्ट होतील म्हणून घेतलं आणि पुरते फसलो

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण परवा तेच मशीन दुसऱ्या नावाने विकायला आलेलं दिसलं आणि मग राहवलं नाही. जे कोणी कंपोनंट टेस्टिंग करतात, विशेषतः छोट्या लॅबवाले, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

आमचं काम म्हणजे आयसी आणि छोटे सेन्सर, ते स्टॅटिकचा झटका, म्हणजे ईएसडी, किती सहन करतात ते बघायचं. माणसाला स्वतःला झटका साधारण ३००० व्होल्टच्या पुढे जाणवतो, आणि नाजूक पार्ट मात्र ५०० व्होल्टला मेलेला असतो, म्हणजे हात लावणाऱ्याला कळतसुद्धा नाही. म्हणून ही टेस्ट. आता अडचण अशी की टेस्ट एक नाही. माणसाच्या बोटातून डिस्चार्ज म्हणजे एचबीएम (ह्यूमन बॉडी मॉडेल), त्यात १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर १५०० ओहममधून पार्टवर सोडतात. पूर्ण प्रॉडक्टला झटका देणारी गन लावायची ती आयईसी ६१०००-४-२, तिथे १५० पिकोफॅरड आणि ३३० ओहम. सीडीएम (चार्ज्ड डिव्हाइस मॉडेल) अजून वेगळी, तिच्याबद्दल खाली सांगतो. प्रत्येकाला वेगळं मशीन घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि नेमकं हेच त्या विक्रेत्याने ओळखलं.

त्याने दाखवलं एक फ्लेक्सिबल सिम्युलेटर. एक बेस युनिट, पुढे काढता-घालता येणारे मॉड्युल, आणि एक नॉब ज्यावर चार खुणा: एचबीएम, एमएम (मशीन मॉडेल, म्हणजे मशीनकडून बसणारा झटका), आयईसी, सीडीएम. "सर, मॉड्युल बदललं की टेस्ट बदलली, दुसरं काही घ्यायलाच नको." आता हे ऐकायला खोटं वाटत नाही, कारण चांगल्या कंपन्यांच्या गनमध्ये आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) मॉड्युल खरंच बदलता येतात, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी ३३० पिकोफॅरड आणि २ किलोओहमवालं घालतात वगैरे. म्हणून विश्वास बसला.

डेमो तर असा दिला की आम्ही खूश. एक साधा छोटा मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) घेतला, आत प्रोटेक्शन नसलेला, गेटवर झटका दिला आणि मीटर लावून दाखवलं की गेट शॉर्ट. आम्हाला वाटलं वा, मशीन काम करतंय. आज कळतंय की त्याने काहीच सिद्ध होत नाही, असलं उघडं गेट ऑक्साइड एवढ्याशा चार्जनेही फुटतं, मशीन कितीही कमजोर असलं तरी तो पार्ट मरणारच. विचारायचं होतं ते हे की करंटचा वेव्हफॉर्म, म्हणजे तो वेळेनुसार कसा चढतो-उतरतो, ते दाखवा. ते आम्ही विचारलं, नाही असं नाही, तर त्याने कॅलिब्रेशन सर्टिफिकेट पुढे केलं, शिक्का, सही, ग्राफ सगळं. आम्ही पूर्ण पैसे आधी दिले. ही आमची चूक, एकदम मान्य.

पुढचे काही महिने सगळं पास. २००० व्होल्टला पार्ट पास, झटक्याच्या आधीचा आणि नंतरचा लीकेज (पिनमधून गळणारा करंट) सारखाच, आम्ही रिपोर्टवर क्लास २ लिहून देत होतो. मग एका ग्राहकाकडून बोर्ड परत यायला लागले, इनपुट पिन मेलेल्या. त्यांनी तोच पार्ट दुसऱ्या लॅबमध्ये पाठवला तर तिथे ५०० ला पास आणि १००० ला फेल, म्हणजे क्लास १बी. आम्ही दिलेल्या आकड्यावर विसंबून त्यांनी बोर्डवर प्रोटेक्शन डायोड लावलेच नव्हते. तो फोन आला तेव्हा काय बोलावं सुचेना, अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

मग ओळखीच्या एका इंजिनिअरकडून १ गिगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप आणि करंट प्रोब आणला. एचबीएमचं गणित सोपं आहे, आउटपुटला जाड वायरने शॉर्ट करायचं, १००० व्होल्टला पीक ०.६७ अँपिअरच्या आसपास यायला पाहिजे, २००० ला १.३३, आणि मग करंट साधारण १५० नॅनोसेकंदात एक तृतीयांशाच्या थोडा वर उतरतो. आमच्याकडे २००० ला आला ०.८५ आणि उतरायला लागले फक्त ७० नॅनोसेकंद. म्हणजे स्क्रीनवर २००० लिहिलेलं असलं तरी पार्टवर जाणारा चार्ज जेवढा पाहिजे त्याच्या एक तृतीयांश. स्क्रीनवरचा आकडा मोजलेला नव्हताच, आपण जो सेट केला तोच परत दाखवत होता!

आयईसी मॉड्युल लावलं. तिथे दर किलोव्होल्टला पहिला पीक ३.७५ अँपिअर असतो, म्हणजे २ किलोव्होल्टला ७.५. आला परत ०.८५ च. तेव्हा स्क्रू काढून दोन्ही मॉड्युल उघडले. आत बोर्ड एकच, रेझिस्टर तेच, कपॅसिटर तोच ४७ पिकोफॅरडचा, वर स्टिकर फक्त वेगळे. राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं की एवढे रिपोर्ट आपण सही करून दिले.

सीडीएमबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथेच आम्हाला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. सीडीएममध्ये चार्ज होतो तो पार्ट स्वतः. त्याला प्लेटवर उलटा ठेवून फील्डने चार्ज करतात आणि वरून पिन टेकवतात, सगळा खेळ एक-दोन नॅनोसेकंदांत संपतो. बाहेरचा कपॅसिटर आणि रेझिस्टर बदलून ती टेस्ट होतच नाही. त्यामुळे ज्या आरसी बॉक्सच्या नॉबवर सीडीएम लिहिलंय तिथे सरळ मागे फिरा, पुढचं काही ऐकू नका.

आणि ते सर्टिफिकेट. नंतर नीट वाचलं तर त्यात आयईसीच्या झटक्याचा राइज टाइम (करंट चढायला लागणारा वेळ) ०.८ नॅनोसेकंद लिहिलाय आणि वापरलेला स्कोप २०० मेगाहर्ट्झ. २०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचाच राइज टाइम १.७५ नॅनोसेकंद असतो, तो ०.८ दाखवणार कसा? आयईसीच्या या मापाला किमान २ गिगाहर्ट्झचा स्कोप लागतो. सिरीयल नंबरसुद्धा आमच्या युनिटचा नव्हता, शेवटचे दोन आकडे वेगळे. ज्या लॅबचं नाव होतं तिथे फोन केला तर त्या बाईंनी नंबर बघून सांगितलं की असं सर्टिफिकेट आमच्याकडून गेलेलंच नाही. हा फोन पाच मिनिटांचा होता, पैसे द्यायच्या आधी केला असता तर एवढं सगळं झालंच नसतं. सर्टिफिकेट देणाऱ्या लॅबला आयएसओ १७०२५ (टेस्टिंग-कॅलिब्रेशन लॅबचं मानक) चं अ‍ॅक्रेडिटेशन आहे का आणि त्यात ईएसडी येतं का, हेसुद्धा तेव्हाच बघता आलं असतं.

विक्रेत्याने आधी "तुमचा प्रोब चुकीचा असेल" म्हटलं, मग "नवीन मॉड्युल पाठवतो", मग फोन बंद. तक्रार केली आहे, पैसे मिळतील अशी फार आशा नाही. आम्ही सगळ्या ग्राहकांना कळवलं, जुने सगळे पार्ट बाहेरच्या लॅबमध्ये आमच्या खर्चाने परत टेस्ट करून देतोय, दोन ग्राहक तरीही गेले आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

परवा दिसलं त्या मशीनचा बॉक्स निळ्याऐवजी राखाडी आहे, नाव नवीन आहे, पण पुढचा नॉब तोच, चार खुणा त्याच, आणि चौथी सीडीएम.