वी यू: नऊ महिने वापरल्यावर, २०१३च्या सुट्ट्यांच्या तोंडावर

फेब्रुवारी २०१३ मध्ये ३५० डॉलर मोजून वी यू या निन्टेन्डोच्या गेम कन्सोलचा (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचा) ३२ जीबीचा काळा डिलक्स सेट घेतला. २० सप्टेंबरला तोच ३०० ला आला. चालायचंच. गेलेले पन्नास डॉलर एकट्या गेमपॅडने, म्हणजे त्याच्या पडदा असलेल्या कंट्रोलरने, कधीच वसूल करून दिलेत.

आमच्या घरी टीव्ही एकच, आणि संध्याकाळी तो माझ्या वाट्याला येत नाही. टीव्हीवर बातम्या चालू असतात आणि मी त्याच सोफ्यावर गेमपॅडच्या ६.२ इंची पडद्यावर ‘पिकमिन ३’ खेळत बसतो. गेम चालतो कन्सोलवरच, पॅडवर नुसतं चित्र येतं, पण बटण दाबल्यावर उशीर म्हणून जाणवत नाही. ‘विंड वेकर एचडी’ टीव्हीवर खेळताना नकाशा आणि सामान हातातल्या पडद्यावर असतं, सारखा खेळ थांबवावा लागत नाही. बॅटरी मात्र तीन ते पाच तासांचीच, चार्जर जवळ ठेवा. पडद्याची धार फोनच्या तुलनेत कमी आहे, तेही आठवड्याभरात डोळ्यांच्या अंगवळणी पडतं.

पण हे सुख घरात राहून कळतं. दुकानातल्या खोक्यावर ते कसं दाखवणार? त्यात नाव असलं! ताईला सांगितलं, वी यू घेतलाय, तर म्हणाली, “अरे, तो तर आमच्याकडे केव्हाचा आहे!” तिच्याकडे आहे तो जुना वी, निन्टेन्डोचा आधीचा कन्सोल. पॅड म्हणजे त्याच वीला जोडायची नवी वस्तू, असंच तिला वाटलं. ती काही एकटी नाही.

२२ नोव्हेंबरला आलेला ‘सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड’ अप्रतिम आहे. चौघं मिळून खेळायला २०१३ मध्ये याच्या तोडीचं दुसरं काही मला तरी दिसलं नाही. गंमत अशी की काही मोजके टप्पे सोडले तर यात गेमपॅडचं फारसं काम नाही. ज्या पडद्यापायी हे यंत्र महाग झालं, त्याची बाजू मांडायला त्या वर्षीचा सगळ्यात चांगला गेमच उभा राहत नाही.

तेव्हा समोर कोण होतं बघा. १५ नोव्हेंबरला सोनीचा ४०० डॉलरचा पीएस फोर कन्सोल आला, २२ ला मायक्रोसॉफ्टचा ५०० डॉलरचा एक्सबॉक्स वन. दोघांनीही पहिल्याच दिवसात दहा लाखांचा टप्पा पार केला. वी यू एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत जगभरात मिळून ४ लाख ६० हजार खपला. मार्च २०१४ पर्यंत ९० लाख विकायचं निन्टेन्डोचं लक्ष्य तेव्हा कायम होतं. मला हे यंत्र आवडतं म्हणून आकडा बदलत नाही. डिसेंबरात खप वाढेल असं वाटत होतं, पण ९० लाख? छे. गेम बनवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनीही हात आखडता घेतला. फक्त वी यूसाठी म्हणून जाहीर झालेला ‘रेमन लेजंड्स’ शेवटी सगळीकडे आला.

तरी तेव्हा लहान मुलांच्या घरात मी हाच सुचवला. जुन्या वीच्या डिस्क चालतात, रिमोट चालतात, ऑनलाइन खेळायला तेव्हा वेगळे पैसे पडत नव्हते. नव्या दोघांत २०१३ मध्ये मागच्या पिढीच्या डिस्क चालतच नव्हत्या. ताईकडे चार रिमोट कपाटात पडून आहेत, म्हणून तिला म्हटलं, ३०० चा सेट आण, मारिओ आण, झालं. तिला पटलंय. भाचा सोळाचा आहे, त्याला पीएस फोर हवाय.