जुनं गॅस्केट काढायचंय: पत्ती, रिमूव्हर की चकती?

अँबॅसिडरच्या किंवा पद्मिनीच्या इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवलं की ब्लॉकला (खालच्या मुख्य भागाला) चिकटून बसलेला जुन्या गॅस्केटचा, म्हणजे मधल्या पॅकिंगचा, काळा, कडक थर समोर येतो. तो खरवडायच्या पत्तीने, रिमूव्हर नावाच्या रसायनाने की ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकतीने काढायचा, यावर बेळगावातल्या मिस्त्रींचंही एकमत नाही. माझ्या जुन्या अँबॅसिडरवर मी तिन्ही प्रकार वापरून बघितलेत, त्यावरून लिहितो. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

वेगात चकतीला तोड नाही. ड्रिलला लावली, फिरवली की लोखंड चकाकायला लागतं. गॅरेजवाल्यांना ती का आवडते हे मला पूर्ण पटतं. माझं बिनसलं ते त्यानंतरच्या सफाईत. अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनात पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) भोकं ब्लॉकच्या माथ्यावरच उघडी असतात. तिथून पडलेली पूड टॅपेटवर (पुशरॉडच्या बुडाच्या भागावर) आणि तिथून थेट संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत जाते. भोकांत चिंध्या कोंबल्या, सिलिंडरच्या कडेला ग्रीस लावलं, व्हॅक्यूमही फिरवला. तरी पांढरं मलमलचं फडकं तेलात भिजवून फिरवलं की करडं व्हायचं. परत पुसा, परत करडं. गॅस्केट निघालं चहा निवायच्या आत आणि पूड काढण्यात सगळी संध्याकाळ गेली, शिवाय मनातली शंका काही गेली नाही. ही शंका उगाच नाही. या चकत्यांमध्ये बहुतेक ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. ते तेलातून फिरत बेअरिंगच्या मऊ धातूत रुततात आणि क्रँक खरवडतात. जनरल मोटर्सने याच कारणासाठी आपल्या डीलरांना अशा चकत्या वापरू नका असं लेखी कळवलं होतं. जुनं हेड गॅस्केट तांबं-ॲस्बेस्टॉसचं असेल तर ती पूड आपल्या छातीतही जाते. एवढं करून स्टडच्या (ब्लॉकवर उभ्या असलेल्या बोल्टच्या) बुडाशी चकती पोचतच नाही, तिथे शेवटी पत्तीच घ्यावी लागते.

रिमूव्हर मला कागदी आणि कॉर्कच्या पॅकिंगला आवडतो. वॉटर पंपाच्या तोंडावर किंवा टॅपेटच्या बाजूच्या झाकणावर शेलॅक लावून बसवलेलं पॅकिंग असेल, तर रिमूव्हर फासून वर प्लॅस्टिकचा कागद घालावा. ते फुगून सुटतं. जळून कडक झालेल्या हेड गॅस्केटवर मात्र माझ्याकडे तरी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. वास उग्र असतो, त्यामुळे दार उघडं ठेवूनच काम करावं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टात दार उघडं म्हणजे पाऊस आत. त्यातून पाण्याने धुतलेला बिडाचा ब्लॉक तेल न लावता रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला दिसतो. लगेच तेलाचा हात फिरवावा. पद्मिनीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: तुमचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. कोणी कॉस्टिक सोड्यात बुडवायला सांगितलं तर ऐकू नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो.

आता पत्ती. वेळ खाते, मान आणि मनगट दुखतं, हे खरं. पण गॅस्केट खपल्या होऊन सुटतं. खपली दिसते, बोटाने उचलता येते, मोजून टाकता येते. माझ्यासाठी वजन तिथेच पडलं. बिडाच्या ब्लॉकवर धारदार रुंद पत्ती जवळजवळ आडवी धरून पुढे ढकलायची. उभी धरली की ती उड्या मारते आणि चरा पाडते. पत्तीचे दोन्ही कोपरे आधी कानशीने जरा गोल करून घ्यावेत, कारण चरे कोपऱ्यानेच पडतात. ॲल्युमिनियमवर पोलादी पत्ती नकोच. तिथे पितळेची किंवा कडक प्लॅस्टिकची चालते, आणि अडेल तिथे थोडा रिमूव्हर लावून थांबावं. थर आधी डिझेलने ओला केला की ॲस्बेस्टॉसची धूळही कमी उडते.

रोज हेड उतरवणाऱ्या गॅरेजला हा वेळ परवडणार नाही, त्यांना मी आग्रह करणार नाही. पण गाडी घरची असेल आणि घाई नसेल, तर मी पत्तीच घ्या म्हणेन. थर निघाल्यावर ब्लॉकवर आणि हेडवर सरळपट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सारून बघा. फट मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर गेली तर घासत बसू नका, हेड उचलून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सरफेस ग्राइंडिंगला (पृष्ठभाग यंत्रावर सपाट करायला) द्या.