इन्सॅटच्या चित्रांत बर्फाचे ढग: रॅपिड पोर्टल कितपत कामाचं?

पावसाळ्यात महाराष्ट्राच्या आभाळात पिंजलेल्या कापसासारखे दिसणारे सिरस, म्हणजे खूप उंचावरचे बर्फाचे, ढग पुष्कळदा इथले नसतातच. बंगालच्या उपसागरावर क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी पावसाचा ढग, १५-१६ किमीपर्यंत चढतो. तपस्तब्धीपाशी, म्हणजे हवा वर जाताना थंड होणं जिथे थांबतं त्या सीमेपाशी, त्याची चढण थांबते, माथा ऐरणीसारखा पसरतो आणि तिथला पूर्वेचा जेट वारा ही बर्फाची चादर पश्चिमेला ओढत नेतो. हा प्रवास घरबसल्या पाहायला भारतीय हवामान विभागाचं रॅपिड पोर्टल (उपग्रहचित्रं दाखवणारं संकेतस्थळ) उत्तम आहे, तेही मोफत. फक्त एकाच चॅनेलवर, म्हणजे उपग्रह टिपतो त्या एकाच तरंगलांबीच्या पट्ट्यावर, विसंबलात तर फसाल.

भारताच्या हवामान उपग्रहांपैकी इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, इन्सॅट-३डीएस ८२ अंशांवर. एकेकाचं चित्र दर अर्ध्या तासाला येतं. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवा. टीआयआर-१ हा उष्णता टिपणारा इन्फ्रारेड चॅनेल निवडा, सहा तासांची चित्रं ओळीने चालवा आणि ऐरणीची पश्चिम कड धरून ठेवा. १८ अंश अक्षांशावर एक रेखांश म्हणजे सुमारे १०६ किमी. कड तीन तासांत तीन रेखांश सरकली, तर वारा सेकंदाला साधारण २९ मीटर. जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा अगदी पटण्यासारखा आहे.

फसगत होते ती तापमानात. उणे ३८ अंशांखालचा ढग म्हणजे बर्फच, कारण त्याखाली पाण्याचा थेंब द्रवरूपात टिकत नाही. पण ढग पातळ असेल, तर खालच्या जमिनीची उष्णता त्यातून आरपार येते. जमीन २७ अंश, ढग उणे ७० अंश आणि तो खालची ७० टक्के उष्णता वर जाऊ देत असेल, तर चित्रात तापमान निघतं अधिक ७ च्या आसपास! म्हणजे १५ किमीवरचा ढग चारेक किमीवरचा वाटतो. ओळीने चालवलेल्या चित्रांत (लूपमध्ये) ऐरणीची कड हळूहळू ‘गरम’ होताना दिसते, तेव्हा ढग खाली उतरला असं समजू नका. मोठे हिमस्फटिक आधी गळून पडतात, बारीक तेवढे उरतात आणि चादर विरळ होत जाते.

म्हणून टीआयआर-१ च्या तापमानातून टीआयआर-२ या शेजारच्या इन्फ्रारेड चॅनेलचं तापमान वजा करून पाहा. त्यासाठी मॉसडॅक या इस्रोच्या उपग्रह-माहितीच्या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून एचडीएफ५ (मूळ आकडे असलेल्या) फाइली उतरवाव्या लागतात. जाड ढगावर फरक शून्याजवळ राहतो, पातळ सिरसवर काही अंश निघतो. मात्र दमट हवेत ढग नसतानाही दोन-तीन अंशांचा फरक पडतो. एप्रिलमध्ये कोरड्या विदर्भावर बसवलेली फरकाची मर्यादा जुलैच्या कोकणात तशीच लावली, तर निरभ्र भागही सिरस ठरेल.

रात्री मिड-इन्फ्रारेड चॅनेलवर थंड माथे ठिपकेदार दिसतात. तो ढगाचा पोत नव्हे, इतक्या थंडीत सिग्नलच क्षीण असतो. जलबाष्प चॅनेल ८ किमी रिझोल्यूशनचा असला तरी वरच्या थरातली हालचाल त्यात सर्वात स्पष्ट दिसते.

पांढरं शुभ्र म्हणजे जोरदार पाऊस, हा समज मात्र सोडून द्या. ऐरणीखाली शेकडो किलोमीटर थेंबही नसतो. ढगमाथ्याच्या तापमानावरून काढलेले पावसाचे नकाशे इथेच चुकतात, तेव्हा रडारशी ताडून पाहा.

मोठी उणीव १.३८ मायक्रॉन चॅनेलची आहे. या तरंगलांबीला खालच्या थरातली वाफ सगळं गिळून टाकते, त्यामुळे दिवसा सिरस एकटा उठून दिसतो. नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस या उपकरणात हा चॅनेल आहे, इन्सॅटच्या इमेजरमध्ये (चित्रं घेणाऱ्या उपकरणात) नाही. शिवाय सगळेच सिरस गडगडाटी ढगांतून येत नाहीत. तपस्तब्धीलगत लहरींमुळे हवा थंड होते आणि बर्फाच्या मानाने आर्द्रता १५० टक्क्यांच्या आसपास गेली की सूक्ष्म थेंब आपसूक गोठतात. असे काहीशे मीटर जाडीचे, डोळ्यांनाही न दिसणारे थर पोर्टलवर शोधू नका. ते टिपायला आंध्रातल्या गादंकीसारखं लायडार (लेझर किरण सोडून ढग टिपणारं उपकरण) हवं.