गाडीतली बंदूक: फ्लोरिडाचा नियम की टेनेसीचा?

विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, पिस्तूल कुलपात ठेवायचं आणि कामावर जायचं. अमेरिकेत अशा कर्मचाऱ्याची माहिती कुणाकडे असावी?

फ्लोरिडाच्या २००८ च्या कायद्यानुसार शस्त्र कायदेशीर आणि गाडीत कुलूपबंद असेल, तर ‘गाडीत बंदूक आहे का?’ हे नोकरी देणाऱ्या मालकाने कर्मचाऱ्याला तोंडी किंवा लेखी विचारायचंच नाही. झडतीही घ्यायची नाही. ते काम पोलिसांचं. विद्यापीठं मात्र स्वतःला शाळांसारखं या नियमातून वगळलेलं समजत होती. नॉर्थ फ्लोरिडा विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात २०१३ साली अपील न्यायालयाने सांगितलं, की गाडीतल्या शस्त्रावर बंदी घालायचा अधिकार विद्यापीठाला नाही.

टेनेसीत २०१६ पासून सरकारी विद्यापीठांतल्या परवानाधारक पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना आवारात शस्त्र लपवून बाळगता येतं, पण आधी पोलिसांना लेखी कळवावं लागतं. कळवणाऱ्याचं नाव गोपनीय राहतं, लोकांना पाहता येत नाही.

सुरक्षेच्या बाजूने टेनेसीचा नियम पटतो. गोळीबाराच्या गोंधळात आपला माणूस कोणता, हे पोलिसांना आधीच ठाऊक असलेलं बरं. पण यादी झाली की ती कधीतरी फुटायची धास्ती आलीच. विभागप्रमुखाला कळलं, तर पुढच्या बढतीच्या वेळी ते त्याच्या मनातून जाईल का? म्हणून नुसत्या गाडीपुरतं बोलायचं, तर मला फ्लोरिडाचाच नियम बरा वाटतो. मात्र काचेतून दिसेल असं सीटवर टाकलेलं पिस्तूल चोराच्या हाती जायला क्षणही लागत नाही. तिथे कुलपाची अट जराही सैल नको.