डेंट वेगळा, ओरखडा वेगळा: पार्किंगमध्ये गाडी जपताना पैसे कुठे घालावेत

आमच्या घरात सध्या दोन गाड्यांची काळजी चालू आहे. एक बाबांनी १९९९ साली घेतलेली मारुती झेन, एमएच १० (सांगली), चंदेरी, चारही दारांवर अजून कंपनीचाच रंग. दुसरी माझ्या भाच्याची काळी क्रेटा, शोरूममधून येऊन जेमतेम दोन महिने झालेली. गेल्या आठवड्यात मिरजेत एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये कुणीतरी दार उघडताना त्याच्या मागच्या डाव्या दाराला ठोकलं. कोण ते कळलं नाही. संध्याकाळी पोरगा चेहरा पाडून गाडीसकट दारात उभा. "मामा, पीपीएफ करू का सिरॅमिक? दोन्हीवाले म्हणतात, परत काही होणार नाही."

पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, सिरॅमिक म्हणजे रंगावर चढवायचा पातळ लेप. मी त्याला गाडी पोर्चमधल्या ट्यूबलाइटखाली आडवी लावायला सांगितली. काळ्या दारावर ट्यूबची पांढरी रेघ उमटते. रेघ सरळ येत होती आणि हँडलच्या खाली एका ठिकाणी पाण्यात पडल्यासारखी वाकत होती. आठ आण्याच्या नाण्याएवढा पोचा. त्यावरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. म्हणजे पत्रा चेपलाय, रंग शाबूत आहे.

मग त्याला आमच्या झेनपाशी नेलं. मागच्या संकष्टीला गणपती मंदिराजवळ लावली होती, तेव्हा एका स्कूटरचं हँडल घासून गेलं. पत्रा सपाट आहे, पण वीतभर रेघ आहे. नख तिच्यात अडकतं आणि तळाशी प्रायमर दिसतो.

दुखणी ही अशी दोन आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. दुकानात जे काही विकलं जातं त्यातलं बहुतेक ओरखड्यासाठी आहे. पार्किंगमध्ये आपल्याला जास्त छळतो तो डेंट. हे आधी न कळल्यामुळे लोक लाखभर रुपये घालतात आणि पहिला पोचा पडला की फसवल्यासारखं वाटून घेतात.

सिरॅमिक की पीपीएफ

पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे ज्या रंगासाठी आपला जीव तुटतो तो दोन केसांएवढा जाड. सिरॅमिक कोटिंग त्यावर फार तर एक-दोन मायक्रॉनची भर घालतं. एवढ्या जाडीत पत्रा वाचणार नाही, आणि हँडलची रेघही थांबणार नाही. जाहिरातीत '९ एच कडकपणा' लिहिलेला असतो तो पेन्सिलीच्या चाचणीतला आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली घासून बघतात, त्यातली सगळ्यात कडक ती ९ एच. किल्ली, वाळू किंवा दुसऱ्या गाडीच्या दाराची कड यांच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

सिरॅमिक वाईट आहे असं मी म्हणत नाही. पाणी थेंबाथेंबाने ओघळून जातं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, कडुलिंबाखाली पक्ष्यांनी केलेली घाण रंगात मुरायच्या आत निघते. त्या कामासाठी जरूर घ्या. पार्किंगमधल्या धक्क्यासाठी घेऊ नका.

पीपीएफची फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉनची. गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा ही एकटी जाड. चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असते. तिच्यावर पडलेल्या बारीक रेघा उष्णतेने भरून येतात, आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तासभर गाडी उभी राहिली तरी काम होतं. स्वस्तात पीव्हीसीची देतात, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि काढताना रडवते. बिलावर 'टीपीयू' लिहून घ्या. फिल्म कापणार कशी, तेही विचारा. तुमच्या मॉडेलच्या मापाने मशीनवर कापून आणली तर उत्तम. दारावर चिकटवून तिथेच ब्लेड फिरवणारा कारागीर असेल तर फिल्मसोबत रंगावरही रेघ ओढली जायची भीती असते.

हँडलची रेघ, पिशवीचं बक्कल, सायकलचं पेडल, उसाच्या ट्रॉलीतून बाहेर लोंबणारी टिपरी, हे सगळं फिल्म स्वतःवर घेते. हंगामात माधवनगरकडे किंवा कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला जाणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पण जोरात लागलेल्या दाराने पत्रा आत जायचा तो जातोच. फिल्म मऊ आहे, तिच्या मागचा पत्रा तितकाच पातळ राहतो.

भाच्याला पूर्ण गाडीचा दर लाखाच्या वर सांगितला गेला. मी म्हटलं, दारांच्या कडा, हँडलमागची वाटी, बंपरचे चार कोपरे, आरसे आणि डिकीतून सामान काढताना घासते ती कड, एवढ्यालाच लाव. पार्किंगमधले बहुतेक ओरखडे इथेच पडतात, आणि खर्च पुष्कळ खाली येतो.

झेनला मात्र फिल्म लावायची नाही असं मी ठरवलंय. पंचवीस वर्षांचा क्लिअर कोट आहे. उद्या फिल्म काढायची वेळ आली आणि तिच्याबरोबर रंगाचा पापुद्रा निघाला तर कंपनीचा रंग परत कुठून आणू? स्थानिक गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या पॅनललाही हाच धोका, किंबहुना जास्त. जुनी गाडी जपणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

कव्हर की बीडिंग

घरासमोर रस्त्यावर उभी राहणाऱ्या गाडीला कव्हर हवंच. आतून मऊ अस्तर आणि दोन-तीन थर असलेलं घेतलं तर मुलांचा चेंडू, मांजरीची नखं, शेजारच्या सायकलचं हँडल यांचा मार बराच कमी होतो. पण दोन गोष्टी पाळा. धुळीच्या गाडीवर कव्हर टाकू नका, वारा सुटला की तेच कव्हर सँडपेपरसारखं घासतं. मी झेनच्या टपावर ही चूक भोगली आहे, तिथली चमक गेली ती गेलीच. आणि पावसाळ्यात ओलं कव्हर दिवसेंदिवस तसंच ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. बाजारात किंवा दवाखान्यात अर्ध्या तासासाठी कव्हर कुणी घालत नाही, म्हणजे ज्या पार्किंगची खरी भीती, तिथे ते डिकीत घडी होऊन पडलेलं असतं.

बीडिंगचं उलट आहे. दाराच्या मधोमध आडवी जाणारी जाड रबरी पट्टी जुन्या गाड्यांवर सर्रास दिसायची. बाहेर दिसण्यापुरती ती नव्हती. शेजारचं दार जिथे येऊन लागतं त्या उंचीवर आधी रबर लागावं म्हणून ती असायची. डेंट खरोखर अडवणारी, गाडीसोबत चोवीस तास राहणारी आणि हजार-दोन हजारांत होणारी वस्तू हीच. नव्या गाड्यांसाठी अॅक्सेसरी म्हणून मिळते ती पट्टी बहुधा दाराच्या फार खाली बसते. घेण्याआधी तुमच्या सोसायटीत शेजारी कुठली गाडी लागते आणि तिच्या दाराचा सगळ्यात बाहेर येणारा भाग किती उंचीवर आहे ते टेपने मोजा. माप जुळत नसेल तर पट्टी शोभेची ठरेल. चिकटवण्याआधी दार नीट पुसून कोरडं करा आणि दुहेरी टेप चांगल्या कंपनीची घ्या.

दाराच्या कडेला लावायचं यू आकाराचं गार्ड आपल्या दाराचा रंग उडू देत नाही आणि शेजाऱ्याची गाडी वाचवतं. शेजाऱ्यापासून आपल्याला वाचवत नाही. तरी लावा, घरात मुलं असतील तर नक्कीच. आतून धातू असलेलं स्वस्त गार्ड टाळा, त्यात पाणी साठून कड गंजते.

बंपरपुढे लावायच्या लोखंडी क्रॅश गार्डचा विचारही नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर बंदीचे आदेश दिलेत, आणि धडकेत ते एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतं.

डॅशकॅमचा पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असतानाही कॅमेऱ्याने चित्रण करणं, ऐकायला छान वाटतो. तो समोरचं बघतो, फार तर मागचं. दारं लागतात बाजूला.

जागा निवडणे, ज्याला पैसे पडत नाहीत

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण डेंटवर याच्याएवढा गुण मला दुसऱ्या कशाचा आलेला नाही.

आधी एक माप. आखलेल्या पार्किंगचा एक रकाना साधारण अडीच मीटर रुंद असतो. क्रेटा १.७९ मीटर रुंद आहे. दोन क्रेटा आपापल्या रकान्यात अगदी मधोमध उभ्या राहिल्या तरी मधे ७१ सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात दार उघडून माणसाने बाहेर यायचं, तेही म्हातारी आई किंवा कडेवर लेकरू असताना. झेन दीड मीटरला थोडी कमी, तिच्या शेजारी तीच क्रेटा असेल तर फट ८६ सेंटिमीटरची होते. गाड्या रुंद झाल्या, रकाने तेवढेच राहिले, म्हणून दारं लागतात. माणसं अचानक बेफिकीर झालेली नाहीत.

म्हणून मी टोकाची जागा शोधतो, जिथे एका बाजूला भिंत किंवा खांब असेल. भिंतीकडे माझी ड्रायव्हरची बाजू जरा जास्त सरकवतो, म्हणजे दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याला मोकळी जागा मिळते. त्याला जागा मिळाली की माझं दार वाचतं. चालावं लागतं, दोनशे पावलं. दवाखान्यात पेशंटला दारात सोडतो आणि मग गाडी लांब नेतो. पेशंट घेऊन आलेल्या प्रवासी सात-आसनी गाड्यांच्या मधे कधीच लावत नाही. घाईत, काळजीत असलेली चार-पाच माणसं एकदम उतरतात, त्यांचं लक्ष दाराकडे नसतं आणि ते त्यांनी द्यावं अशी अपेक्षाही करवत नाही.

मंगल कार्यालयाचं मैदान ही सगळ्यात अवघड जागा. रेघा नसतात, मुरुमावर जो येतो तो मिळेल तिथे घुसतो. केटररचा टेम्पो, जनरेटर आणि मंडपाचे बांबू जिथे उतरतात ती बाजू सोडा. तोंड बाहेरच्या दिशेला करून कडेला लावा, आरसे मिटवा. अक्षता पडल्यावर सगळे एकदम निघतात, त्या गर्दीत मागे घेत निघणं म्हणजे आपणच दुसऱ्याला ठोकणं. रिव्हर्स सेन्सर जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत, पण बारीक खुंटा आणि बुटका दगड त्यांना दिसेलच असं नाही.

घरच्या पार्किंगकडेही बघा. भाच्याच्या अपार्टमेंटमधल्या खांबावर तीन रंगांच्या गाड्यांचे ओरखडे आहेत. त्याच्याच क्रेटाचं दार रोज तिथे उघडतं. दाराच्या उंचीला जाड फोमची पट्टी चिकटवायला दोन-तीनशे रुपये लागतात.

लागलंच तर: डेंटिंग-पेंटिंग, पीडीआर की क्लेम

रंग फुटलेला नसेल तर पीडीआर, म्हणजे रंगाला हात न लावता आतून सळईने पत्रा हळूहळू ढकलून सपाट करणं. कारागीर दारावर रेघांचा दिवा धरतो आणि रेघ सरळ होईपर्यंत ढकलत राहतो, माझ्या ट्यूबलाइटसारखंच. क्रेटाच्या पोच्याला हेच योग्य. दाराला भोक पाडून काम करणाऱ्याला नाही म्हणा, तिथून गंज धरतो. चांगला माणूस जवळ नसेल तर कोल्हापूरची एक फेरी परवडते. पुट्टी भरून रंगवलेलं दार मात्र पुढे विकताना लगेच ओळखू येतं, आणि काळ्या किंवा चंदेरी गाडीवर नव्या रंगाची छटा उन्हात वेगळी दिसते. रंग फुटून प्रायमर दिसत असेल तर पीडीआरचा उपयोग नाही. झेनची रेघ मी पूर्ण दार न रंगवता टचअपने बंद करतोय. दिसेल, पण गंजणार नाही आणि बाकीचा मूळ रंग राहील.

क्लेम करताना कागद-पेन घ्या. पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर नो क्लेम बोनस, म्हणजे सूट, ५० टक्के असतो. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्य होतो, मग २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० वर येतो. दरवर्षीचा फरक बेरजेला घेतला तर ५०, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे १२५ टक्के. हा प्रीमियम बोनसआधी ८,००० रुपये असेल तर एका क्लेमची किंमत साधारण १०,००० रुपये. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते म्हणून थोडी कमी धरा. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये सक्तीने आपले जातात. झिरो डेप, म्हणजे भागांची झीज न कापणारं विमा कवच, नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाचे निम्मे पैसे कापतात. म्हणजे पाच-सहा हजारांचं एक दार खिशातूनच करावं, आणि तीन-चार पॅनल एकदम गेले तर क्लेम. भाच्याची पॉलिसी पहिल्याच वर्षाची आहे, त्याचा बोनस अजून सुरूच व्हायचाय. त्याने आता क्लेम केला तर पुढच्या वर्षीचे २० टक्के जातील आणि पुढची चढण एक वर्ष मागे पडेल. पीडीआरच्या दीड-दोन हजारांसाठी ते करू नये.

त्याने शनिवारी कोल्हापूरची वेळ घेतली आहे. दार सपाट झालं की कडांना आणि कोपऱ्यांना टीपीयू फिल्म, खांबाला फोम. सिरॅमिक दिवाळीनंतर बघू म्हणाला. झेनसाठी मी बीडिंग शोधतोय, मूळ मापाची मिळाली तर, कारण उजव्या दाराची पट्टी बाबांच्या वेळीच निघाली होती आणि तिच्या जागी फक्त गोंदाची पिवळी रेघ उरली आहे.